मृत मालकाच्या वाहनाचे हस्तांतरण (भारत)

मृत मालकाच्या वाहनाचे हस्तांतरण म्हणजे नोंदणीकृत मालकाच्या मृत्यूनंतर त्याचे वाहन वारसाच्या किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावावर करण्याची कायदेशीर प्रक्रिया होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५० आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५६ यांत तिच्या तरतुदी आहेत. वाहनाचा ताबा कुटुंबाकडे आपोआप येत असला, तरी नोंदणी आणि विमा आपोआप बदलत नाहीत. दोन्हींच्या मुदती मृत्यूच्या दिनांकापासून मोजल्या जातात.

नोंदणी

वाहनाचा ताबा मिळालेल्या व्यक्तीने मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला मृत्यूची व वाहन वापरण्याच्या इराद्याची माहिती द्यावी लागते. अशी माहिती दिली असल्यास तिला तीन महिने ते वाहन वापरता येते. याच तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करणे आवश्यक असते. अर्जासोबत विहित शुल्क, मृत्यू प्रमाणपत्र, नोंदणी प्रमाणपत्र आणि विमा प्रमाणपत्र जोडावे लागते. एकापेक्षा अधिक वारस असल्यास सर्वसाधारणपणे इतरांचे संमतीपत्र मागितले जाते. मुदतीत अर्ज न केल्यास दंडाची तरतूद आहे.

२०२१ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार मालकाला आपल्या हयातीत नोंदणी प्रमाणपत्रात नामनिर्देशन करता येते. अशा वेळी नामनिर्देशित व्यक्ती मृत्यू प्रमाणपत्र संकेतस्थळावर सादर करून आपल्या नावे नव्या नोंदणी प्रमाणपत्रासाठी अर्ज करू शकते.

वाहन कर्जावर घेतलेले असल्यास वित्तपुरवठादाराच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतरणाची नोंद होत नाही. वाहन विकायचे असल्यास ते आधी वारसाच्या नावावर करून नंतर विक्रीचे नमुने २९ व ३० भरले जातात. मृत व्यक्तीने पूर्वी सही करून ठेवलेल्या कोऱ्या नमुन्यांवर असा व्यवहार करता येत नाही.

विमा

खासगी मोटारींच्या प्रमाणित विमा पॉलिसीतील अटीनुसार, एकमेव विमाधारकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. ती मृत्यूपासून तीन महिने किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालू राहते. मृत्यूनंतर २० दिवसांनी पॉलिसीची मुदत संपणार असेल, तर संरक्षणही विसाव्या दिवशी संपते. या काळात वारसाने पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी किंवा नवी पॉलिसी घ्यावी, अशी अपेक्षा असते. वाहन पती, पत्नी, अपत्ये किंवा आईवडील यांच्याकडे आले असल्यास मृत मालकाने मिळवलेला ‘नो क्लेम बोनस’ त्यांना मिळू शकतो.

कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. विम्याशिवाय वाहन चालवल्यास कलम १९६ अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडापेक्षा मोठा धोका अपघाताचा असतो. विमा संपलेल्या वाहनाने कोणी जखमी किंवा मृत झाल्यास भरपाईचा बोजा विमा कंपनीऐवजी कुटुंबावर पडू शकतो. मालक-चालकासाठीचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही नोंदणीकृत मालकापुरतेच असल्याने, नाव बदलण्यापूर्वी वाहन चालवणाऱ्या वारसाला ते लागू होत नाही.

कर

भारतात मृत्यूनंतर मालमत्तेवर आकारला जाणारा संपदा शुल्क हा कर १९८५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे वारसाने मिळालेल्या मोटारीवर वेगळा वारसा कर लागत नाही. महाराष्ट्रात खासगी मोटारींवर नोंदणीच्या वेळी एकरकमी कर घेतला जातो आणि राज्यातल्या राज्यात वारसाच्या नावे हस्तांतरण झाल्यास तो पुन्हा भरावा लागत नाही. मात्र थकीत रक्कम आधी चुकती करावी लागते. १५ वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना पर्यावरण करही आकारला जातो.

वारस दुसऱ्या राज्यात राहत असेल आणि वाहन तेथे १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवणार असेल, तर कलम ४७ नुसार तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो.

मृत्यू प्रमाणपत्राचे महत्त्व

नोंदणी आणि विमा या दोन्ही कामांची सुरुवात मृत्यू प्रमाणपत्राने होते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अंतर्गत मृत्यूची नोंद २१ दिवसांत करणे अपेक्षित आहे. ही नोंद लांबल्यास परिवहन कार्यालयाला माहिती देण्यासाठीच्या ३० दिवसांपैकी थोडेच दिवस उरतात.