गणित अडते तेव्हा

गणित सोडवताना विद्यार्थी अडतो, त्यामागे दर वेळी एकच कारण नसते. कधी प्रश्नच नीट समजलेला नसतो, कधी सूत्र आठवत नाही, तर कधी अंगवळणी पडलेली रीतच आडवी येते. वरवर पाहता तिन्ही वेळी चित्र सारखेच दिसते : वही कोरी आणि पेन थांबलेले. म्हणून मदतीला बसणाऱ्याचे पहिले काम गाडी नेमकी कुठे अडली हे शोधण्याचे.

यातला तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण तो हुशार मुलांनाही गाठतो. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी मुळातून समजून घेण्यासारखा आहे. २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी आहेत. १०० मापे पाणी मोजायचे आहे. मधले भांडे भरावे, त्यातून पहिले भांडे एकदा आणि तिसरे दोनदा भरून घ्यावे, १०० उरतात. याच रीतीने सुटणारी आणखी काही उदाहरणे लुचिन्स देत असे. मग येई २३, ४९ आणि ३ मापांची भांडी. हवी २० मापे. पहिल्या भांड्यातून तिसरे एकदा भरले की काम झाले. पण सरावलेले बहुतेक जण तीच लांबची रीत वापरत. पुढे २८, ७६ आणि ३ या भांड्यांतून २५ मापे काढायला सांगितली की लांबची रीत चालेनाशी होई आणि पुष्कळ जण तिथेच अडकत. आधीचा सराव न केलेल्यांना मात्र हे उदाहरण सहज सुटे. एकाच साच्याची गणिते गिरवून घेणाऱ्या प्रत्येक शिकवणीने हा निष्कर्ष मनावर घ्यायला हवा.

अडलेल्याला पुढे कसे न्यावे, याचा सर्वांत सखोल विचार जॉर्ज पोल्या यांनी केला. बुडापेस्टला जन्मलेले हे गणिती पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत. १९४५ साली निघालेल्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, तो पार पाडणे आणि मागे वळून उत्तर तपासणे. प्रत्येक पायरीवर शिक्षकाने विचारायचे प्रश्नही त्यांनी दिले आहेत.

दहावीच्या वर्गातले उदाहरण घेऊ. आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ सेंमी जास्त आहे आणि कर्ण १३ सेंमी. तर बाजू किती? मूल अडले की “पायथागोरसचे सूत्र लाव” असे सांगण्याचा मोह होतो. त्याऐवजी “काय काढायचे आहे? आकृती काढलीस का? कर्णामुळे कोणता त्रिकोण तयार झाला?” असे एकेक विचारावे आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबावे. हे थांबणेच मोठ्यांना जड जाते. काटकोन त्रिकोण मुलाने स्वतः पाहिला की वर्गसमीकरण तेच मांडते. रुंदी ५ आणि लांबी १२ निघते.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली अशा मदतीला बांधकामावरच्या परांचीचे नाव दिले. भिंत उभी राहिली की परांची उतरवायची असते. मूल सावरू लागले की मदतही कमी करावी.

निर्णय घेताना होणारी अडचण वेगळी असते, कारण तिथे एकच बरोबर उत्तर नसते. बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ साली जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून एक रीत कळवली होती : कागदाचे दोन भाग करून बाजूची आणि विरुद्धची कारणे तीन-चार दिवस सुचतील तशी लिहावीत आणि सारख्या वजनाची दोन्हीकडची कारणे खोडत जावीत. सगळी कारणे एकाच वेळी मनासमोर येत नाहीत, हे त्याने अचूक हेरले होते.

दहावीनंतर अकरावी विज्ञान की पदविका, हा महाराष्ट्रातल्या घराघरांतला प्रश्न या रीतीने मांडता येतो. यादी मात्र मुलाने स्वतःच लिहावी. पुष्कळदा खरी उणीव माहितीची असते. पदविका घेतली की पदवीचा रस्ता बंद होतो, अशी भीती कागदावर उतरली तर ती तपासून पाहता येते : अभियांत्रिकी पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.