घेट्टोतलं ‘डाकघर’ आणि यवतमाळचं ‘तेरवं’

१८ जुलै १९४२. पोलंडची राजधानी वॉर्सा. जर्मनांनी भिंत घालून कोंडलेल्या ज्यू वस्तीत, म्हणजे घेट्टोत, एका अनाथाश्रमातल्या मुलांनी नाटक केलं. नाटक कुणाचं, तर आपल्या रवींद्रनाथ ठाकुरांचं. ‘डाकघर’! बंगालीतला अमल, दहीवाला आणि फुलं वेचणारी सुधा त्या संध्याकाळी पोलिश बोलत होती. चारच दिवसांनी घेट्टोतली माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे रवाना होऊ लागली. ऑगस्टच्या सुरुवातीला ही सुमारे दोनशे मुलंही गेली. त्यांचे डॉक्टर यानुष कोर्चाक आणि सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का यांनी मुलांचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

मरण दाराशी उभं असताना कुणाला नाटक कसं सुचतं?

जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये चार लाखांहून अधिक माणसं कोंडलेली. अन्न तुटपुंजं, टायफसची साथ. दंडावर निळ्या चांदणीची पट्टी बांधणं सक्तीचं. कोर्चाक लेखक होते, ‘म्हातारे डॉक्टर’ म्हणून रेडिओवर घराघरांत पोचलेले होते. त्यांना स्वतःचं ज्यू असणं प्रिय होतं आणि पोलिश असणंही. ती पट्टी बांधायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी तुरुंगही भोगला. कलेवरही पहारा होता. ‘आर्य’ संगीतकारांच्या रचना वाजवल्या म्हणून घेट्टोतला ऑर्केस्ट्रा त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंद पाडला गेला. ज्यूंनी फक्त ज्यूंचंच वाजवावं, असा तो हुकूम. अशा जागी बंगालच्या कवीचं नाटक उभं राहिलं, याचं नवल वाटल्यावाचून राहत नाही.

आता नाटक पाहा. अमल आजारी आहे. वैद्यांनी त्याला घराबाहेर पडायची बंदी केली आहे. तो खिडकीशी बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलतो. समोर राजाचं डाकघर उघडलंय, एक दिवस आपल्यालाही राजाचं पत्र येईल, या आशेवर तो जगतो. शेवटी राजवैद्य येतो, सगळी दारं-खिडक्या उघडायला लावतो आणि अमल झोपी जातो. भिंतीआड वाढणाऱ्या मुलांना अमल वेगळा समजावून सांगावा लागला नसणार. मुलांना मरणाला शांतपणे सामोरं जाता यावं म्हणून कोर्चाकांनी हे नाटक निवडलं, असं सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या मुलांना बाहेरचं जग फक्त ‘ज्यू’ म्हणून मोजत होतं, ती त्या संध्याकाळी दहीवाला झाली, पहारेकरी झाली, राजवैद्य झाली.

आता यवतमाळला या. वॉर्सातला नरसंहार आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या यांची तुलना होत नाही, करूही नये. पण रंगभूमीची ताकद इथेही तीच आहे. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला की सरकारदरबारी प्रश्न उरतो तो एक लाखाच्या मदतीचा: प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’? मागे राहिलेल्या बाईची ओळख तेवढ्यावर येऊन थांबते. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात अशाच बाया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. घेट्टोतल्या मुलांनी दुसऱ्याची गोष्ट अंगावर घेतली. या बायांनी आपलीच गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली.

त्यांच्यातल्याच एक, कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्‌घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण, संमेलन उधळण्याच्या इशाऱ्यानंतर, आयोजकांनी मागे घेतलं. देशभर गदारोळ झाला, अनेक साहित्यिकांनी पाठ फिरवली. अखेर उद्‌घाटनाला वैशालीताई उभ्या राहिल्या. एका लेखिकेचा आवाज नाकारला गेला ही खंत राहतेच. पण एरवी जिच्याविषयी परिसंवाद झडतात, ती शेतकरीण त्या व्यासपीठावरून स्वतः बोलली. ते बळ तिने आधी नाटकात कमावलेलं होतं.

सत्तेला आणि जमावाला माणसामागे एकच शब्द पुरतो: ज्यू, विधवा, अपात्र. नाटकाचं मात्र एका शब्दावर भागत नाही. त्याला चाल लागते, आवाज लागतो, हट्ट लागतो, हसू लागतं. अख्खा माणूस लागतो. शिवाय तो माणूस प्रेक्षकांसमोर, त्याच हवेत श्वास घेत उभा असतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करता येत नाही. म्हणूनच हिंसेच्या काळात नाटकावर अनेकदा बंदी येते, आणि त्याच काळात नाटक करणं सगळ्यात गरजेचं असतं.