धापा

(लॅ. सेसुव्हियम पोर्चुलॅकॅस्ट्रम, कुल–आयझोएसी). जमिनीसरपट पसरणारी ही मांसल, बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारी) ओषधी उष्ण कटिबंधातील समुद्रकिनाऱ्यांवर आढळते. मुंबईच्या उपनगरांत घाटकोपर ते मुलुंड हा ठाणे खाडीचा काठ व पश्चिमेकडील गोराई आणि मालाड खाड्यांचा परिसर येथे ती वाढते. घोळीशी साम्य असल्याने लिनीअस यांनी १७५३ मध्ये ती घोळीच्या प्रजातीत घातली व १७५९ मध्ये वेगळी केली.

खोड गुळगुळीत, बहुधा तांबूस. पेऱ्यांपासून मुळे फुटतात. पाने समोरासमोर, जाड, रसाळ, २–६ सेंमी. लांब. फुले एकेकटी, पानांच्या बगलेत येतात व दिवसातून काही तासच उमललेली असतात. त्यांना पाकळ्या नसतात. पाच परिदलांची आतील बाजू गुलाबी असते. केसरदले अनेक, फळ (बोंड) झाकण सुटून उघडते, बिया काळ्या, चकचकीत.

तिवरांच्या मागे, फक्त उधाणाच्या भरतीचे पाणी पोहोचते अशा उघड्या खारपट्ट्यात व मिठागरांच्या बांधांवर मोरस या वनस्पतीबरोबर धापा वाढतो. दोन उधाणांच्या मध्यंतरी पाणी आटून तेथे मीठ साचते व पावसाळ्यात ते धुपून जाते. हे दोन्ही टोकाचे बदल तो सोसतो. शोषलेले सोडियम पानांतील कोशिकांच्या रिक्तिकांत साठते. वाढलेल्या तर्षण दाबामुळे खाऱ्या चिखलातूनही पाणी ओढले जाते. पानांतील भरपूर पाण्याने क्षार विरल होतात. पाने मांसल असण्याचे हे एक कारण होय. मुळांच्या जाळ्यामुळे गाळ धरून ठेवला जातो.

पाने वारंवार पाणी बदलून शिजविल्यास खारटपणा कमी होऊन भाजी म्हणून खाता येतात. खारवट जमिनी सुधारण्याच्या दृष्टीने ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात या वनस्पतीचा अभ्यास झाला आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांची जमीन वन म्हणून संरक्षित ठरविली. परंतु वृक्षहीन खारपट्टा सामान्यतः पडीक समजला जातो. कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सु. २५६ एकर मिठागरांची जमीन घरबांधणीसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. भराव पडून उधाणाचे पाणी अडले की, पावसाने मीठ धुऊन जाते व सामान्य तणे माजतात. खारेपणा सोसण्याच्या ज्या गुणावर धापा तगून राहतो, त्याचा अशा जमिनीत त्याला काही लाभ होत नाही. म्हणून त्याचे रक्षण म्हणजे मुख्यतः भरतीच्या पाण्याची वाट मोकळी ठेवणे होय.