पिक अप : उचलायचं, आणायचं की न्यायचं?



गेल्या उन्हाळ्यात माझी आई श्टुटगार्टला आमच्याकडे आली होती. दुसऱ्याच दिवशी आमचे चार वर्षांचे चिरंजीव तिला म्हणाले, "आजी, मला किंडरगार्टनमधून उचलायला ये ना." आईने कौतुकाने त्याला तिथल्या तिथे उचललं आणि पुढचे दोन दिवस कंबर धरून बसली!

चूक आमचीच. घरात आम्ही दोघं रोज "आज पिक अप कोण करणार?" म्हणतो. त्याने त्याचं सरळ मराठी केलं. इंग्रजीत पडलेला रुमाल पिक अप करतात, फोनही, पाहुण्यांनाही आणि ऐकून ऐकून भाषासुद्धा. आपण तर त्याचं नामच करून टाकलंय: गाडीला 'पिकअप' नसतो आणि एस.टी.साठी 'पिकअप शेड'मध्ये थांबायचं.

जर्मनमध्ये प्रत्येकाला वेगळं क्रियापद. रुमालाला आउफहेबेन, मुलाला अपहोलेन, कानावर पडलेल्या शब्दाला आउफश्नापेन. वर त्याचे तुकडे पडतात: 'इश होलं दिश उम फीअर अप', म्हणजे मी तुला चार वाजता न्यायला येतो. शेवटचा 'अप' येईपर्यंत कान टवकारून बसायचं. आउफहेबेनचे तर उचलणे, जपून ठेवणे आणि रद्द करणे असे तीन अर्थ. याच शहरात १७७० साली जन्मलेल्या हेगेलने त्यातल्या जपणे आणि संपवणे या दोन अर्थांचा तत्त्वज्ञानात पुरेपूर उपयोग करून घेतला.

मराठीचा खाक्या निराळा. बोलणारा कुठे उभा आहे, ते आधी ठरवावं लागतं. घरातून आजी म्हणणार, "मी त्याला आणायला जाते." शाळेतल्या बाई म्हणणार, "आजी न्यायला आली." हे पोराला समजवायचं कसं? आईने समजावलं नाही. न्यायला येणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव आम्ही लेखी दिलं, आणि मग ती रोज जायची, वाटेत त्याच्याशी बोलत बोलत यायची. बस्स.

व्हिसाचे ९० दिवस संपले. आईला विमानतळावर सोडून परतताना मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, आजीला परत आणायला कधी जायचं?"

मराठी अगदी बरोबर होतं. उत्तर मात्र मला देता आलं नाही.

असो. तुमच्या घरची अशी भाषांतरं जरूर कळवा.