गाडी बीडची, नंबर दिल्लीचा

बीड जिल्ह्याची हद्द एकाही परराज्याला लागत नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर, धाराशिव आणि अहिल्यानगर या सहा जिल्ह्यांनी तो चहूबाजूंनी वेढलेला आहे. तरीही परराज्याचा नंबर हा इथल्या व्यवहारातला नेहमीचा विषय आहे. त्याचं एक कारण म्हणजे इथली माणसं दरवर्षी बाहेर पडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यातल्या कितीतरी कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटकडच्या कारखान्यांवर जातात, आणि त्यांच्याबरोबर एमएच-२३ किंवा एमएच-४४ पासिंगचे ट्रॅक्टरही जातात. दुसरं कारण उलट दिशेचं. बाहेरच्या जुन्या गाड्या इकडे येतात. दिल्ली परिसरात १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. या बंदीची धार पुढे २०२५ मध्ये न्यायालयानेच कमी केली, पण तोवर तिकडच्या गाड्या देशभर स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या होत्या. इथल्या डिझेल गाडीपेक्षा दिल्ली पासिंगची गाडी कमी पैशांत मिळते म्हटल्यावर मराठवाड्यातलं गिऱ्हाईकही तिकडे वळणारच. गाडी दारात येते, पूजा होते, आणि नंबर मात्र दिल्लीचाच राहतो. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. यात मोडतं काय, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: सरकारचा कर बुडतो, दुसरं काय! नंबर म्हणजे फक्त कर, ही समजूतच मुळात चुकीची आहे, आणि ती पसरण्यात कायद्याच्या रचनेचाही वाटा आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतात. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४६ नुसार कुठल्याही एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर चालते. परक्या राज्याचा नंबर दिसला एवढ्या एका कारणावरून कुणालाही दंड होऊ शकत नाही. कलम ४७ पुढे सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नवीन नंबर घ्यावा लागतो. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. गाळप संपलं की ट्रॅक्टर परत केज, धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या वाटेला लागतो. म्हणजे बीडच्या मालकाला कर्नाटकचा नंबर घेण्याचं कारण नाही. ही मुदत किती मोलाची आहे हे कर्नाटकच्याच एका प्रकरणातून कळतं. त्या राज्याने २०१४ मध्ये आपल्या करकायद्यात बदल करून बाहेरची गाडी ३० दिवसांपेक्षा जास्त राहिली तर आयुष्यभराचा कर भरायला सांगितलं. लोक न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. केंद्राच्या कायद्याने दिलेली १२ महिन्यांची सवड राज्याला कराच्या आडवाटेने काढून घेता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. पोटासाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या माणसाला ही सवड मिळालीच पाहिजे.

मात्र हीच १२ महिन्यांची मुदत जुनी गाडी विकत घेणाऱ्याला लागू आहे असं सर्रास सांगितलं जातं, आणि इथे लोक फसतात. "वर्षभर बिनधास्त वापरा, मग बघू," असं विकणारा म्हणतो. ती सवड मालक तोच राहून गाडीची जागा बदलते तेव्हासाठी आहे. मालकच बदलला की कलम ५० लागू होतं. घेणाऱ्याने खरेदीपासून ३० दिवसांत आपल्या भागातल्या परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. विकणाऱ्यालाही मुदत आहे, राज्यातल्या राज्यात १४ दिवस आणि राज्याबाहेर ४५ दिवस. तेव्हा दिल्लीहून गाडी घेऊन आलेल्या बीडच्या माणसाची मुदत पहिल्या दिवसापासून चालू झालेली असते.

आता मुख्य मुद्दा. नंबर कशासाठी असतो? गाडीने कुणाचं नुकसान केलं तर त्यामागचा माणूस सापडावा, यासाठी. कर ही त्यावर नंतर चढलेली गोष्ट आहे. कायद्याच्या व्याख्येत मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. पैसे कुणी दिले, चावी कुणाकडे आहे, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर काय लिहिलंय, याला तिथे जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली होती, पण नोंदणीत पहिल्याचंच नाव राहिलं होतं. अपघात झाला तेव्हा भरपाई कुणी द्यायची असा प्रश्न आला. नोंदणीत ज्याचं नाव, जबाबदारी त्याची, असा निकाल लागला. न्यायालयाचा विचार साधा होता. अपघातात जखमी झालेल्याने किंवा मृताच्या घरच्यांनी गाडी कुणी कुणाला विकली याची साखळी शोधत हिंडायचं का? सोलापूर–बीड–धुळे महामार्गावर अपघात झाला आणि आरसी बुकात हजार-बाराशे किलोमीटरवरच्या कुणाचं नाव निघालं, तर मांजरसुंब्याच्या किंवा गेवराईच्या कुटुंबाने नोटीस कुठे पाठवायची? दिल्लीतल्या त्या माणसाने गाडी विकून तीन वर्षं झालेली असतात, आणि त्याच्याही नशिबी कोर्टाची वारी येते. नंबर न बदलल्याने सरकारचं जे नुकसान होतं त्यापेक्षा या दोन माणसांचं नुकसान कितीतरी मोठं आहे. विम्याचंही तसंच. तिसऱ्या व्यक्तीच्या भरपाईपुरता विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो असं कायदा मानतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करायचा तर पॉलिसी स्वतःच्या नावावर लागते. ती करून न घेता वर्षभर फिरणारा माणूस हप्ता भरूनही स्वतःच्या गाडीपुरता विम्याविना फिरत असतो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप कराचा आहे, आणि तो खोटा नाही. नोंदणीचा कायदा केंद्राचा, पण वाहनावरचा कर राज्यघटनेने राज्यांकडे दिलेला आहे. महाराष्ट्रात नव्या खाजगी कारला किमतीप्रमाणे पेट्रोलवर ११ ते १३ आणि डिझेलवर १३ ते १५ टक्के एकरकमी कर पडतो. जुन्या परराज्यीय गाडीला तिच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी रक्कम लहान नसते. पहिल्या मालकाने आपल्या राज्यात १५ वर्षांचा कर आधीच भरलेला असतो. उरलेल्या वर्षांचे पैसे परत मागता येतात, पण ते त्या राज्याच्या नियमाने, त्या राज्याच्या कार्यालयात, आणि नवीन नंबर मिळाल्याचा पुरावा दाखवल्यावर. म्हणजे इथे आधी भरा आणि मग तिथे मागा. पाटोद्याच्या शेतकऱ्याने दिल्लीच्या कार्यालयात अर्ज घेऊन उभं राहायचं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. बहुतेक लोक तो नाद सोडून देतात आणि एकाच गाडीच्या त्याच वर्षांचा कर दोनदा भरतात. नंबर न बदलण्याचं खरं कारण आळस नाही, हे आहे.

म्हणून नंबर बदलण्याचा नियमच काढून टाका, असं काहीजण म्हणतात. देश एक, मग नंबर अनेक कशाला? हे पटण्यासारखं वाटतं, पण नियम काढला तर कर सगळ्यात कमी जिथे, तिथे सगळ्या महागड्या गाड्या नोंदल्या जातील. २०१७ मध्ये केरळात हेच उघडकीला आलं. लाखो रुपयांचा कर वाचवण्यासाठी तिथल्या धनिकांनी पुदुच्चेरीचे खोटे पत्ते देऊन आलिशान गाड्या नोंदल्या होत्या. नियम सैल असला की त्याचा फायदा असा वरच्यांना होतो, जुनी बोलेरो घेणाऱ्याला नाही. आणि हा काही आपल्याकडचाच छळ आहे असंही नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना विचारा. कॅलिफोर्नियात राहायला गेलं की २० दिवसांत आणि टेक्सासमध्ये ३० दिवसांत गाडी तिथे नोंदवावी लागते. त्या मानाने आपले १२ महिने उदार आहेत. तेव्हा नंबर बदलण्याची सक्ती ठेवावी आणि कराचा दुहेरी बोजा काढावा, हाच न्याय्य मार्ग. तो अशक्य नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या मालावरचा कर जिथे माल वापरला जातो त्या राज्याकडे वळता होतो, आणि तो हिशेब सरकारं आपसांत करतात. दुकानदाराला दिल्लीला जावं लागत नाही. गाड्यांची नोंद आज ‘वाहन’ या देशव्यापी संगणक प्रणालीत आहे. गाडीचं वय, किंमत, भरलेला कर, सगळं तिथे दिसतं. मग दिल्लीकडे उरलेल्या वर्षांचा कर दिल्लीने थेट महाराष्ट्राला द्यावा आणि फरक असेल तेवढाच मालकाकडून घ्यावा, यात अडचण इच्छेची आहे, यंत्रणेची नाही.

बीएच म्हणजे ‘भारत’ मालिकेचे नंबर आले ना, मग प्रश्न सुटलाच, असंही ऐकू येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचना निघाली, १५ सप्टेंबरपासून ती लागू झाली, आणि कर दोन-दोन वर्षांचा भरायची सोय असल्याने राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही. कल्पना उत्तम आहे. पण ती कुणासाठी? सैन्यदलं, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सरकारी उपक्रम, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकरदार यांच्यासाठी. बीड जिल्ह्यात सगळ्यात जास्त राज्य ओलांडतो तो ऊसतोड कामगार आणि त्याचा मुकादम. त्यांच्याकडे ना सरकारी ओळखपत्र, ना चार राज्यांतली कंपनी. शेतकरी, व्यापारी, लहान कंत्राटदारही या यादीत नाहीत. बदलीची नोकरी करणाऱ्याची अडचण सरकारला समजली, पोटासाठी फिरणाऱ्याची अजून समजायची आहे.

नियमांत हे बदल होतील तेव्हा होतील. तोवर आज गाडी घेणाऱ्याने काय करावं? सगळा खेळ एनओसीचा, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्राचा आहे. फॉर्म २८ भरून जुन्या नोंदणी कार्यालयाकडून ती घ्यायची असते, आणि मिळवून देणं विकणाऱ्याचं काम आहे. ती देण्याआधी गाडी चोरीची नाही ना याचा पोलिसांकडून अहवाल आणि कर थकलेला नाही ना याची खात्री कार्यालयाने करायची असते. म्हणून एनओसी हा खरं तर घेणाऱ्याचा विमा आहे. त्या फॉर्मवर एक जागा चेसिस प्रिंटसाठी असते. चेसिसवरचा चिखल आणि ग्रीस पुसून, गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून, कोरलेल्या क्रमांकावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवायचं. अक्षरं पांढरी उमटतात, भोवती काळं होतं. पद्धत जुनी आहे, पण तिची सर कुठल्याच स्क्रीनला नाही. एखादा आकडा घासून नव्याने ठोकलेला असेल तर तिथे कागदावर वेगळाच खड्डा उमटतो. हा ठसा स्वतः घ्या किंवा आपल्यासमोर घ्यायला लावा, आणि आरसी बुकाशी एकेक अक्षर जुळवून पाहा. अर्ज केल्यावर ३० दिवसांत कार्यालयाने नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं मानलं जातं, ही कायद्यातली तरतूदही लक्षात असू द्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ आधी हवा. थकलेलं ई-चलन एमपरिवहन ॲपवर दोन मिनिटांत दिसतं.

मग इथे फॉर्म २७, मालकी बदलासाठी २९ आणि ३०, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा घेऊन आपला तालुका ज्याच्या हद्दीत येतो त्या परिवहन कार्यालयात जायचं. जिल्ह्यात दोन आहेत, बीडचं २३ आणि अंबाजोगाईचं ४४. निरीक्षक गाडी पाहतात, कर ठरतो, नवीन नंबर मिळतो आणि उच्च सुरक्षा पाटी बसते. स्वस्ताचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट धरा. नोंदणी पहिल्या दिवसापासून १५ वर्षांची असते. १० वर्षांची गाडी घेतली तर हातात पाचच वर्षं उरतात, आणि त्यापुढच्या नूतनीकरणाला एप्रिल २०२२ पासून कारसाठी ६०० ऐवजी ५००० रुपये शुल्क लागतं. ते, इथला कर आणि वाहतुकीचा खर्च मिळवला की दिल्लीचा भाव बीडच्या भावाच्या बराच जवळ येतो.

तेव्हा गाडी कितीही आवडली, विकणारा कितीही ओळखीचा असला, तरी एनओसी आणि सही केलेले फॉर्म हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि ज्यांनी आपली गाडी परराज्यात विकली आहे त्यांनी आजच ‘वाहन’वर पाहावं, ती अजून आपल्याच नावावर आहे का.