भांड्यातली सुगंधी मेणबत्ती : वात, मेण आणि यवतमाळचा उन्हाळा

घरगुती हस्तकला : लेखांक ६

मागच्या लेखांकातली साच्यातली मेणबत्ती स्वतःच्या बळावर उभी राहते, त्यामुळे तिचे मेण कडक असावे लागते. भांड्यात ओतलेल्या मेणबत्तीला भांड्याचा आधार असतो. तिचे मेण मऊ असले तरी चालते, किंबहुना ते मऊच हवे असते. मऊ मेण कमी उष्णतेत वितळते, ज्योतीभोवती त्याचे रुंद तळे साचते आणि सुगंध या तळ्यातूनच खोलीत पसरतो. हा मऊपणाच यवतमाळ जिल्ह्यात अडचणीचा ठरतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की टिनाच्या छपराखालच्या खोलीत मेणबत्ती न पेटवताच घाम सोडते. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक कृती थंड देशांतल्या आहेत. त्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत, म्हणून कृतीपेक्षा तिच्यामागचे कारण शिकलेले बरे.

मेणबत्तीत घन मेण जळत नाही, पातळ मेणही जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वातीच्या धाग्यांमधून वर चढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली, तीत हे प्रयोगाने दाखवले होते. हा प्रयोग घरीही होतो. ज्योत फुंकून विझवावी, वातीतून निघणाऱ्या पांढुरक्या धुराला लगेच वरून जळती काडी दाखवावी. काडी वातीला न टेकता ज्योत धुरावरून खाली उतरते आणि वात पेटते. तो धूर म्हणजे मेणाची वाफच. सुगंधी तेलाचा जो भाग या वाटेने वर जातो तो जळून संपतो. नाकापर्यंत पोचतो तो तळ्याच्या पृष्ठभागावरून उडालेला भाग. त्यामुळे तेल जास्त घातले की वास जास्त, हे गणित फार पुढे जात नाही. तळे पुरेसे रुंद होत नसेल तर महागडे तेलही वाया जाते.

मेणाचे तीन-चार पर्याय आहेत. वीज गेल्यावर शोधली जाते ती किराणा दुकानातली मेणबत्ती पॅराफिनची. पॅराफिन खनिज तेलापासून मिळते. त्याचे प्रकार साधारण ४६ ते ६८ अंशांदरम्यान वितळतात आणि ते सुगंध चांगला धरते. सोया मेण हे हायड्रोजन मिसळून घट्ट केलेले सोयाबीन तेल. वनस्पती तूप याच प्रक्रियेने होते, पण तिथे ती अर्ध्यावर थांबवतात. भांड्यासाठीचे सोया मेण साधारण ४६ ते ५२ अंशांना वितळते, वनस्पती तूप ३७ च्या आसपासच. त्यामुळे डालड्याची मेणबत्ती करून पाहण्याचा मोह डिसेंबरात जमतो आणि एप्रिलमध्ये अंगाशी येतो. अमेरिकेतल्या आयोवा या सोयाबीनच्या राज्यात १९९० च्या दशकात सोया मेणाच्या मेणबत्त्या पुढे आल्या. यवतमाळातही कपाशीच्या बरोबरीने सोयाबीन पिकते, पण ते बाजार समितीतून तेलाच्या कारखान्यात आणि पेंडीत जाते. मेण मात्र बहुधा पार्सलने मागवावे लागते.

खास इथल्या म्हणाव्यात अशा दोन गोष्टी जंगलातून येतात. मोहाच्या टोळंबीचे तेल पूर्वी दिव्यात जळत असे. ते थंडीत लोण्यासारखे गोठते आणि तिशीच्या आतच वितळते, त्यामुळे एकट्याने मेणबत्तीच्या कामाचे नाही. दुसरे मधमाश्यांचे मेण. मध गाळून उरलेली पोळी पाण्यात उकळून फडक्यातून गाळली की मेण पाण्यावर तरंगून गोठते. ते ६२ ते ६४ अंशांपर्यंत घट्ट राहते. त्याला स्वतःचा मधाळ वास असतो, त्यात नाजूक अत्तर बुडून जाते. निव्वळ मधमेण भांड्यात आक्रसते, कडा सोडते आणि जाड वात मागते. सोया मेणात दहा-पंधरा टक्के मिसळले तर मात्र मिश्रणाला उन्हाळ्यापुरता कणखरपणा येतो. यवतमाळात सोया वापरणाऱ्याने हा उपाय पहिल्याच महिन्यात आजमावावा.

वातीचा विषय इथे थोडा लांबणारच. कापसाच्या जिल्ह्यात वात विकत का घ्यायची, हा प्रश्न साहजिक आहे. देव्हाऱ्यातली फुलवात आणि हाताने वळलेली लांब वात तेलात उत्तम जळते, कारण तेल आधीच पातळ असते आणि वात पुढे सरकवायला माणूस जवळ असतो. मेणात वातीला दोन कामे करावी लागतात : मेण ठरावीक वेगाने वर ओढायचे आणि आपले जळके टोक आपणच संपवायचे. नुसती पिळलेली वात ताठ उभी राहते, तिचे टोक ज्योतीच्या आत कोळसा होऊन साचते आणि काजळी धरते. जुन्या काळी युरोपात मेणबत्तीजवळ वात कातरायची खास कात्री ठेवावी लागे ती यामुळेच. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी गुंफलेली वात आणली. गुंफणीच्या ताणामुळे ती जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येते, तिथे हवा मिळते आणि ते राख होऊन जाते. आजची वात अशीच गुंफलेली असते, शिवाय क्षारांच्या द्रावणातून काढून मेणात बुडवलेली. कापूस तोच, फरक सगळा गुंफणीचा. हौस म्हणून सुती दोऱ्याची तिपेडी वेणी घालून, मीठ आणि बोरॅक्सच्या पाण्यात भिजवून, पूर्ण वाळवून मेणात बुडवता येते. पण प्रत्येक वात सारखी होत नाही, आणि शिकताना निदान एक गोष्ट तरी स्थिर हवी.

वातीची जाडी भांड्याच्या आतल्या व्यासावर ठरते, उंचीवर नाही. साधारण हिशेब असा की तळे दर तासाला अडीच सेंटिमीटर व्यासाने वाढावे. सात सेंटिमीटरच्या भांड्यात तीन तासांत ते काठाला पोचले आणि सुमारे एक सेंटिमीटर खोल झाले तर वात जुळली. बारीक वात मधोमध विहीर खणते आणि काठाला मेणाची भिंत ठेवते. जाड वातीची ज्योत लांब होऊन नाचते, काचेवर काजळी येते, टोकाला कोळशाची छत्री धरते आणि काच हात लावू नये इतकी तापते. वातींचे क्रमांक प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असल्याने तक्ता फक्त सुरुवातीचा अंदाज देतो. मेण, सुगंध किंवा रंग यांपैकी काहीही बदलले की वात नव्याने तपासावी लागते. हे कंटाळवाणे आहे, आणि बहुतेक नवशिके नेमके हेच टाळतात.

भांडे जाड बुडाचे, सरळ कडांचे आणि रुंद तोंडाचे असावे. चहाचा पातळ ग्लास तडकतो. निमुळत्या गळ्याच्या बाटलीत शेवटी उष्णता कोंडते. मातीचे कुल्हड मेण शोषून स्वतःच वातीसारखे पेटण्याची भीती असते. स्टीलची वाटी चालते, पण तिच्याखाली लाकडी पाट किंवा फरशीचा तुकडा हवा.

सुगंधाच्या बाबतीत पहिला नियम : पदार्थ मेणात विरघळणारा हवा. स्पिरिटचे परफ्यूम भडकते, पाण्याचा रूम फ्रेशनर तडतडतो. गुलाबपाकळ्या, उटणे, वाळ्याच्या काड्या वर सजवल्या तर फोटो छान येतो, पण त्या पेटतात किंवा वात तुंबवतात. उदबत्तीसाठी विकल्या जाणाऱ्या सुगंधांत पातळ करणारे द्रव मिसळलेले असतात आणि त्यांतले काही मेणात न मिसळता तळाशी थेंब होऊन बसतात. विकत घेताना मेणबत्तीसाठी चालेल का, हे विचारावे आणि आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेचे, म्हणजे इफ्राचे, प्रमाणपत्र मागावे. त्यात मेणबत्त्या बाराव्या वर्गात येतात.

नैसर्गिक तेलांपैकी संत्र्याच्या सालीचे तेल नागपूर-यवतमाळ पट्ट्यात सहज सुचते. पण ते फार लवकर उडते आणि पेटल्यावर त्याचा वास अर्ध्या तासात फिका पडतो. त्यापेक्षा विदर्भ-खानदेशातले रोशा गवत, म्हणजे तिखाडी, अधिक कामाचे. त्याच्या तेलात जिरॅनिऑल हा घटक मुख्य असतो. तो गुलाबातही असल्याने तेलाला गुलाबाची झाक येते. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. भेसळीपुरते का होईना, नाव कमावलेले गवत आहे. मेणात ते संत्र्याच्या तेलापेक्षा कितीतरी टिकते. व्हॅनिलासारख्या सुगंधांनी मेण हळूहळू तपकिरी होते, हा दोष नव्हे. रंगासाठी मेणात विरघळणारा रंग घ्यावा. खाण्याचा रंग पाण्याचा असतो, रांगोळी आणि खडू वात बुजवतात.

आता ओतणे. सगळी मापे वजनाने, ग्रॅममध्ये घ्यावीत. भांड्यात जिथवर मेण हवे तिथवर पाणी भरून मोजावे. समजा ते २०० मिलिलिटर भरले. मेण पाण्यापेक्षा हलके, म्हणून ०.९ ने गुणून १८० ग्रॅम. सुगंध मेणाच्या वजनाच्या ८ टक्के घ्यायचा तर १८० ला १.०८ ने भागावे : मेण १६७ ग्रॅम, तेल १३ ग्रॅम. सहा ते दहा टक्क्यांची मर्यादा बहुतेक मेणांना असते. तिच्या वर गेल्यास जादा तेल सुटून वर येते, आणि उन्हाळ्यात तर नक्कीच.

मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. गंजात पाणी तापवून त्यात मेणाचे भांडे बसवावे. मेणाला उकळी फुटत नाही, त्यामुळे ते जास्त तापले हे डोळ्यांना कळत नाही, आणि दोनशे अंशांच्या आसपास त्याच्या वाफा पेटू शकतात. पेटलेच तर आच बंद करून झाकण घालावे. पाणी टाकल्यास जळते मेण उसळून अंगावर येते.

भांडे कोरडे पुसून वातीची पत्र्याची चकती बुडाच्या बरोबर मध्यावर चिकटवावी. वात वर आडव्या काडीच्या चिमट्यात ताणून धरावी. सोया मेण ७५ ते ८० अंशांवर असताना सुगंध घालून दोन मिनिटे हळू ढवळावे. जोरात ढवळल्यास बुडबुडे राहतात. ६० अंशांच्या जवळपास आल्यावर सलग धारेने ओतावे. थर्मामीटर साधा चालेल, अंदाज चालणार नाही. पंखा आणि कूलर बंद ठेवावेत, कारण वरचा थर आधी गोठला की आत पोकळी राहते. जिल्ह्यातल्या थंडीत काच गार असल्याने मेण कडेला सुटून ओले दिसणारे डाग पडतात. भांडे आधी किंचित कोमट केले की ते कमी होतात. सोया मेणावर येणारी पांढरी बुरशीसारखी नक्षी मेणाच्या स्फटिकांची असते. ती दोष नाही, फक्त दिसायला बरी नाही.

गोठलेली मेणबत्ती लगेच पेटवू नये. पॅराफिनला दोन-तीन दिवस, सोयाला दोन आठवडे मुरू द्यावे, तेव्हा वास पूर्ण उघडतो. दिवाळीसाठी दसऱ्याला ओतणे हा हिशेब सोपा आहे, कारण लक्ष्मीपूजन तिथून विसाव्या दिवशी येते. ओतण्याचा हंगाम एकंदरीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी असाच धरावा.

चाचणीसाठी एकाच मेणाची, एकाच सुगंधाची तीन भांडी तीन जाडीच्या वातींनी भरावीत. वात सहा मिलिमीटरवर कातरून पेटवावी, चार तासांनी विझवावी, पूर्ण गार झाल्यावर पुन्हा. दर वेळी तळ्याची रुंदी, खोली, ज्योतीची उंची, काजळी आणि काचेचा ताप वहीत लिहावा. ज्योत तीन सेंटिमीटरच्या वर जात असेल तर ती वात बाद. पहिल्यांदा पेटवताना तळे काठापर्यंत पोचू द्यावे, नाहीतर पुढच्या प्रत्येक वेळी ते त्याच वर्तुळात अडकते. ही वही म्हणजेच शिक्षण. बाकी सगळे सामान.

मेणबत्तीचे काम डोळ्यांपेक्षा मापावर आणि हातावर किती चालते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दृष्टी गमावलेल्या भावेश भाटिया यांनी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये हे काम शिकून महाबळेश्वरला सनराइज कँडल्स उभी केली आणि तिथे अनेक दृष्टिहीन कारागीर काम करतात. फरक एवढाच की महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचावर आहे, तिथे मेणाला उन्हाळ्याची धास्ती कमी.

यवतमाळ, पुसद किंवा वणीत तयार माल मार्चनंतर खालच्या मजल्यावर, भिंतीतल्या गार कपाटात, झाकण लावून ठेवावा. मे महिन्यात एसटी पार्सलने किंवा कुरिअरने पाठवू नये, बसच्या टपावर तर नाहीच. उन्हात वितळून पुन्हा गोठलेली मेणबत्ती जळते, पण सुगंधी तेल वर सुटलेले असल्यास ते आधी कागदाने टिपून घ्यावे.

वापरताना वाऱ्याचा झोत, पडदे आणि लहान मुले यांपासून ती दूर असावी. बुडाशी एक सेंटिमीटर मेण उरले की ती कायमची विझवावी. त्यापुढे ज्योतीची आच थेट काचेला लागते. उरलेल्या मेणासाठी भांडे तासभर फ्रीझरमध्ये ठेवले की मेण आक्रसून चकती सुटते. कडेचा थर गरम पाण्याने सुटतो, पण ते पाणी मोरीत ओतू नये, मेण नळीत गोठून बसते. पाणी गार होऊ द्यावे आणि वर आलेली साय उचलून टाकावी. मग भांडे कागदाने पुसून साबणाने धुवावे आणि उजेडात धरून पाहावे. बारीकसा तडा दिसला तरी ते पुन्हा मेणबत्तीसाठी घेऊ नये.