चुलीवर तपासायचा इतिहास

१८१८च्या मंदसोर तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली. त्या काळचे इंदूर आपण ओळखतो ते तहनामे, सनदा आणि वाड्यांवरून. इथल्या मराठी घरांत दळण कोण दळी, ओल्या लाकडावर पुरणाची डाळ किती वेळात शिजे, हे कोणी लिहून ठेवले नाही. रोजचे काम कोण लिहितो? म्हणून ते करून पाहायला हवे. जुन्या साधनांनी, जुन्या मापांनी करून पाहणे ही हौस नाही, संशोधनाची पद्धत आहे. मालव्यातच तिचा नमुना सापडतो. सैलानाचे राजे दिलीपसिंह यांनी जुन्या पाककृती जमवल्या, स्वतः रांधून त्यांची मापे बसवली. पुत्र दिग्विजयसिंह यांनी ते काम पुढे नेऊन १९८२ साली पुस्तक काढले. पण तो राजाचा मुदपाकखाना होता. सामान्य घरासाठी रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे १८७५चे ‘सूपशास्त्र’ हाती घ्यावे लागते, आणि तिथे खरी परीक्षा सुरू होते. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. गावोगावचे शेर मात्र निराळे. चुकीचा शेर धरला तर वाचताना काहीच खटकत नाही, पातेल्यात लगेच कळते.

यावर पहिला आक्षेप असा की आजचा गहू, आजचे तूप, आजचे हात त्या काळचे नाहीत. हे खरेच आहे. मालवी बन्सी गव्हाची जागा बऱ्याच ठिकाणी नव्या वाणांनी घेतली आहे. म्हणूनच अशा प्रयोगातून ‘तेव्हा असेच होते’ हे सिद्ध होत नाही. ‘असे होणे शक्य नव्हते’ एवढे मात्र ठामपणे सांगता येते, आणि इतिहासात तेही थोडे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यात बायकांच्या कष्टांचे गोडवे गायले जातात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत माहेर आहे, तसा सासुरवासही आहे. नुसते जाते दिवाणखान्यात मांडले तर गोडवेच होतील. ते ओढले, शेरभर पीठ पडायला लागलेला वेळ घड्याळ लावून टिपला, तर दहा माणसांच्या घरातल्या भाकरीमागे रोज किती तास जात आणि तेवढ्यासाठी किती जणींना पहाटे उठावे लागे, याचा हिशेब मांडता येतो.